६.२ जीबीची हिरवी खूण: एका बॅकअपचं प्रकरण

शनिवार, ७ जून २०२५, सकाळचे साडेआठ. सिंहगड रोडच्या बाजूच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग दारापर्यंत पोचली होती आणि काउंटरपाशी एक आजोबा पावती उलटसुलट करून बघत होते. "फास्टिंग शुगरचे साडेसहाशे? सुई सोन्याची आहे का?"

काउंटरवरच्या ताईंनी पावती रद्द करून पुन्हा काढली. पुन्हा ६५०. सीबीसी टाकून पाहिली, ६५०. लघवीची साधी तपासणी, ६५०. रांगेतल्या एका गृहस्थांची तीन-चार हजारांची तपासणीही ६५० मध्येच निघाली. त्यांची मात्र काही तक्रार नव्हती.

चूक आमची होती. या लॅबचा सर्व्हर, नेटवर्क आणि बॅकअप आम्ही सांभाळतो. सॉफ्टवेअर दुसऱ्यांचं आहे. थायरॉइड प्रोफाइलचा दर शनिवारपासून ६५० करायचा, असा डॉक्टर मॅडमचा निरोप शुक्रवारी रात्री आला होता. दर बदलायची स्क्रीन अडकत होती, म्हणून आमच्याकडच्या मुलाने बारा वाजून गेल्यावर थेट डेटाबेसमध्ये शिरून एका ओळीचा अपडेट चालवला. 'व्हेअर', म्हणजे बदल कुठल्या ओळीत करायचा ती अट, लिहायची राहिली. कमांड लाइनवर मायएसक्यूएल (लॅबचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) 'नक्की ना?' असं विचारत नाही, आणि ऑटोकमिट, म्हणजे बदल लगेच पक्का होणं, चालू असल्यावर मागे फिरायची सोयही राहत नाही. ४१२ तपासण्या, सगळ्यांना एकच भाव.

मला फार काळजी वाटली नव्हती. बॅकअप रात्री साडेअकराला होतो आणि चूक त्यानंतरची, म्हणजे बरोबर दर त्या फाइलमध्ये असणारच. मी त्या मुलाला सांगितलं, "कालच्या फाइलमधून टेस्ट्सचं एकच टेबल काढ आणि परत टाक. दहा मिनिटांचं काम आहे." आणि लॅबकडे निघालो.

दांडेकर पुलापाशी त्याचा फोन आला. गाडी बाजूला घेतली.

"सर, फाइलमध्ये टेस्ट्सचं टेबलच नाहीये."

"नीट बघ."

"बघितलं सर. 'क्रिएट टेबल' फक्त दोनदा आलंय. अपॉइंटमेंट्स आणि अटॅचमेंट्स. पुढे काहीच नाही."

त्या डेटाबेसमध्ये ६४ टेबलं आहेत.

आमची व्यवस्था

ही व्यवस्था आम्ही हौसेने केली होती, हे आधी सांगायला हवं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं आणि एकता नगरी भागात ते घरांत शिरलं, तेव्हा लॅबमध्ये पाणी आलं नाही, पण तळमजल्यावरच्या सर्व्हरकडे बघून मॅडमच्या पोटात गोळा आला. त्यांच्या सासऱ्यांनी १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेला, त्यामुळे घरात त्या विषयावर वेगळं काही समजवावं लागलं नाही. पुढच्या महिन्यात आम्ही सगळं नव्याने लावलं. रोज रात्री डंप (सगळा डेटाबेस एका फाइलीत उतरवणं), त्याची एक प्रत लॅबमध्येच दुसऱ्या डिस्कवर, एक कोथरूडच्या कलेक्शन सेंटरवर, एक कूटबद्ध करून मुंबईतल्या क्लाउडवर. रोजच्या फाइली ३० दिवस ठेवायच्या, १ तारखेची फाइल मात्र कायमची बाहेरच्या हार्ड डिस्कवर. तिन्ही प्रतींचा शा-२५६ चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळतो का, तेही स्क्रिप्ट तपासत होती. शेवटी टेलिग्रामवर निरोप यायचा: हिरवी खूण, 'बॅकअप सक्सेसफुल', फाइलचा आकार.

चेकसम रोज जुळत होता. अर्धवट फाइल तिन्ही ठिकाणी बिनचूक पोचत होती.

आकाराची अट घालण्यामागेही एक जुनी ठेच होती. २०२३ मध्ये एकदा डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमधला बदलायचा राहिला. आत शिरताच आलं नाही तर डंप घेणारा मायएसक्यूएलडंप काहीच देत नाही, पण पुढे बसलेला, फाइल दाबून लहान करणारा जीझिप त्या 'काहीच नाही'चीही इमानदारीने फाइल बनवतो. ती २० बाइटची असते. अशा सात-आठ फाइली सापडल्यावर आम्ही स्वतःवरच खूश होत अट टाकली: फाइल ५ जीबीपेक्षा लहान असेल तर लाल खूण. त्या दिवसापासून आमच्या डोक्यात 'बॅकअप बिघडला' म्हणजे 'फाइल छोटी झाली' असं पक्कं बसलं. यावेळची फाइल ६.२ जीबीची होती.

काउंटर आधी, शोध नंतर

रांग थांबवता येत नाही. ताईंनी काचेखालचं लॅमिनेट केलेलं दरपत्रक बाहेर काढलं आणि हाताने पावत्या सुरू केल्या. मी पोचलो तेव्हा त्यांनी कार्बन पेपरसुद्धा कुठून तरी पैदा केला होता.

दर परत मिळाले ते बॅकअपमधून नाही, बायनरी लॉगमधून. मायएसक्यूएल ८ मध्ये हा लॉग मुळातच चालू असतो आणि ओळ बदलली की जुनी ओळ आणि नवी ओळ दोन्ही त्यात नोंदल्या जातात. मायएसक्यूएलबिनलॉग नावाच्या साधनाने रात्रीचा तो एक व्यवहार उलगडला, ४१२ जुने दर वेगळे काढले, आणि परत भरण्याआधी ताईंच्या दरपत्रकाशी ताडून पाहिले. दोन दर जुळेनात. दरपत्रक जुनं निघालं. साडेअकरापर्यंत काउंटर पूर्ववत झालं, आणि हाताने केलेल्या ६३ पावत्या दुपारी संगणकात चढवल्या.

इथे कोणी म्हणेल की मग बायनरी लॉग असताना बॅकअपची एवढी चिंता कशाला. हा लॉग त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर बसतो आणि आपोआप ३० दिवसांनी पुसला जातो. डिस्क गेली की तोही गेला. शिवाय त्याच्या जोरावर पुढे जायचं तर खाली पूर्ण बॅकअपचा पाया लागतो, आणि तोच आमच्याकडे नव्हता.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि त्याला बगल देता येत नव्हती. "आज सर्व्हर जळाला असता तर माझ्याकडे कधीपर्यंतचे रिपोर्ट असते?"

दुपारी तीनपर्यंत उत्तर हातात आलं: १ मार्च. रोजच्या फाइलींपैकी धड अशी एकही उरली नव्हती. ३० दिवसांच्या नियमाने चांगल्या फाइली केव्हाच पुसून टाकल्या होत्या आणि अर्धवट फाइली काळजीपूर्वक जपल्या होत्या. एप्रिल, मे आणि जूनच्या १ तारखेच्या फाइलीही तशाच. २ मार्च ते ६ जून हे ९७ दिवस, दिवसाला १८० पावत्या धरल्या तर १७ हजारांहून जास्त. मी आकडा सांगितला. मॅडम काही बोलल्या नाहीत, टेबलावरचा स्टेथोस्कोप उचलून खणात ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कुठे तुटलं

स्क्रिप्ट हाताने चालवली. चाळीसेक मिनिटं काहीच नाही, मग पडद्यावर एक ओळ: 'एरर २०२०, गॉट पॅकेट बिगर दॅन मॅक्स अलाउड पॅकेट बाइट्स, व्हेन डंपिंग टेबल अटॅचमेंट्स, अ‍ॅट रो ४१२०७'. आणि पाठोपाठ टेलिग्रामवर, काही घडलंच नसल्यासारखं, 'बॅकअप सक्सेसफुल'.

४१,२०७ वी ओळ उघडून पाहिली. १२ मार्चला चढवलेली पीडीएफ, ३८ एमबी. त्या आठवड्यात लॅबमध्ये नवा स्कॅनर आला होता. एका पेशंटची सगळी जुनी फाइल, डिस्चार्ज कार्डापासून ईसीजीच्या पट्ट्यांपर्यंत, काउंटरवरच्या एका मुलीने प्रेमाने रंगीत आणि सर्वांत वरच्या दर्जात स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये चढवली होती. पेशंटच्या घरच्यांनी आभारही मानले म्हणे. तिचं काही चुकलं नव्हतं. या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेली कागदपत्रं डेटाबेसच्या आतच, ब्लॉबमध्ये (फाइली जशाच्या तशा ठेवायच्या रकान्यात) साठवली जातात, हे तिला कसं माहीत असणार?

मायएसक्यूएल ८ मध्ये सर्व्हर एका वेळी ६४ एमबीपर्यंतचं पॅकेट (एका खेपेचा डेटा) घेतो, ही त्याची मूळची मर्यादा. म्हणून ३८ एमबीची पीडीएफ आत सहज गेली. पण मायएसक्यूएलडंप हा त्या सर्व्हरचा एक ग्राहक आहे आणि त्याची स्वतःची मर्यादा मुळात २४ एमबी आहे. दिंडी दरवाजातून हत्ती आत कसा गेला म्हणून विचारू नका, तो मोठ्या दरवाजाने गेला. बाहेर काढायची वेळ आली तेव्हा दिंडी दरवाजा समोर आला. डंप त्या ओळीशी थांबला आणि बाहेर पडला. टेबलं इंग्रजी वर्णानुक्रमाने घेतली जातात, आणि अटॅचमेंट्सच्या आधी फक्त अपॉइंटमेंट्स येतं. बिलं, पेशंट, रिझल्ट, नमुने, तपासण्यांचे दर, सगळं त्या ओळीच्या मागे राहिलं.

मग फाइल एवढी मोठी कशी? कारण सगळं वजन अटॅचमेंट्समध्येच आहे. ६२ टेबलं गळली तरी जीझिप केल्यावर फरक ३०० एमबीचा. टेलिग्राममध्ये मागे स्क्रोल करत गेलो. ११ मार्च, ६.५ जीबी. १२ मार्च, ६.२. १३ मार्च, ६.२. एप्रिल, ६.२. मे, ६.२. फेब्रुवारीत हाच आकडा हळूहळू वर चढत होता. दर रात्री डंप त्याच ओळीपाशी मरत होता, म्हणून फाइल वाढायची थांबली होती. आधीच्या अपॉइंटमेंट्समुळे रोज काही किलोबाइट वाढत असतील, पण 'जीबी'त दाखवलेल्या एका दशांशात ते दिसणार कसे? ८७ हिरव्या खुणा, आणि पुरावा त्या प्रत्येकीच्या शेजारी छापलेला. मी त्यातल्या बऱ्याच निरोपांवर अंगठा दिलेला आहे.

स्क्रिप्ट खोटं का बोलली, याचं उत्तर एका उभ्या रेघेत आहे. डंपचं तोंड पाइपने (तीच ती उभी रेघ) जीझिपला जोडलेलं होतं, आणि कमांड चालवणारा शेल अशा साखळीत शेवटच्या कडीचाच निकाल धरतो. मायएसक्यूएलडंप आरडाओरडा करत मेला, जीझिपने हातात आलं तेवढं व्यवस्थित बांधलं आणि शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', असं कळवलं. बॅश या शेलमध्ये 'सेट -ओ पाइपफेल' ही एक ओळ वर असती तर साखळीतल्या कुठल्याही कडीचं अपयश पुढे आलं असतं. फाइल जीझिपच्या '-टी' ने तपासली असती तरी ती पास झाली असती, कारण गाठोडं नीट बांधलेलं आहे एवढंच ते सांगतं. आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग ती एररची ओळ रोज रात्री जात कुठे होती? ठरलेल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन आपल्या कामाने तोंडातून काढलेला शब्द न् शब्द मेलने पाठवायला बघतो. सर्व्हरवर मेल पाठवणारं काही बसवलेलंच नव्हतं, कारण निरोप टेलिग्रामवर येत होते ना. सर्व्हरच्या नोंदवहीत, सिसलॉगमध्ये, क्रॉनची नोंद सापडली: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. जुने लॉग फिरून गेलेले होते, पण उरलेल्या आठवड्यांत रोज रात्री, बाराच्या थोडंसं पुढे-मागे, एक. क्रॉन ही ओळ काम मुकाट्याने झालं तर लिहीत नाही. काहीतरी ऐकायला आलं आणि मी ते फेकून दिलं, असं तो रोज नोंदवून ठेवत होता.

या जातीच्या चुका मोठ्यांकडूनही झाल्या आहेत, आणि प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीने तर स्वतःची जाहीर मांडली. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप शोधायला गेले तर क्लाउडवरची जागा रिकामी. पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेसचा सर्व्हर ९.६ व्हर्जनचा आणि डंप घेणारं साधन ९.२ चं, म्हणून डंप सुरूच होत नव्हता; आणि तसं कळवणारे क्रॉनचे मेल बनावट मेल अडवणाऱ्या डीमार्कच्या नियमात न बसल्यामुळे नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी एकाने हाताने घेतलेला स्नॅपशॉट होता, त्यावर ते निभावलं. हे प्रकरण मी तेव्हा वाचलं होतं. ऑफिसातल्या मुलांना मोठ्या आवाजात वाचूनही दाखवलं होतं.

तीच ओळ, दुसऱ्यांदा

शनिवारी रात्री डंपची मर्यादा ५१२ एमबी केली, पाइपफेल टाकलं, आणि फाइलची शेवटची ओळ तपासायची सोय केली. मायएसक्यूएलडंप काम पुरं झालं तरच शेवटी 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख अशी एक टिप्पणी लिहितो. (टिप्पण्या बंद करणारे पर्याय दिलेले असतील तर ती येत नाही, हे ध्यानात ठेवावं.) रविवारी पहाटे फाइल आली, ६.९ जीबी, शेवटची ओळ जागेवर. आमचा मुलगा म्हणाला, "सर, झालं."

मी त्याला म्हणालो, आता ही फाइल कोथरूडच्या रिकाम्या मशीनवर उतरव आणि लॅबचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालू करून मला एका पेशंटचा रिपोर्ट छापून दाखव.

अर्ध्या तासात रिस्टोअर कोसळलं. एरर ११५३, पुन्हा पॅकेटचाच आकार, पुन्हा तीच ओळ. यावेळी कारण वेगळं होतं. आम्ही डंप घेताना 'हेक्स-ब्लॉब' वापरतो, म्हणजे फाइलीतला प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिला जातो. ३८ एमबीची पीडीएफ अशाने ७६ एमबीची झाली आणि नव्या सर्व्हरची मूळ मर्यादा तीच, ६४. हत्ती बाहेर येताना दुप्पट झाला होता. मायएसक्यूएल क्लायंट पहिल्या चुकीला थांबतो, त्यामुळे अटॅचमेंट्सपुढची ६२ टेबलं पुन्हा गायब. पूर आलाच असता आणि नव्या सर्व्हरवर आम्ही ही 'दुरुस्त' फाइल उतरवायला बसलो असतो, तर हे त्या रात्री कळलं असतं.

सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडची मर्यादा २५६ एमबी केली. मग डेटा पूर्ण उतरला. सॉफ्टवेअर उघडलं, पेशंट सापडला, 'प्रिंट' दाबलं, आणि प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम) अस्तित्वात नाही असा निरोप आला. मायएसक्यूएलडंप बदल होताच चालणारे ट्रिगर आपणहून घेतो, पण स्टोअर्ड प्रोसीजर आणि ठरल्या वेळी चालणारे इव्हेंट सांगितल्याशिवाय घेत नाही. ते दोन पर्याय टाकून फाइल पुन्हा घेतली. त्यापुढे प्रोसीजर ज्या युजरच्या नावाने बनवली तो युजर नव्या मशीनवर नव्हता, म्हणून एरर १४४९. एका डेटाबेसच्या डंपमध्ये युजर येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कोथरूडच्या प्रिंटरमधून एक सीबीसीचा रिपोर्ट बाहेर आला. तो कागद मी मॅडमना नेऊन दाखवला. मॅडमनी हिमोग्लोबिनचा आकडा बघितला आणि म्हणाल्या, "बरा आहे."

गल्ल्याशी मेळ

खरा विचार त्यानंतर झाला. रिस्टोअर रोज आपोआप करायचं हे ठरलंच होतं. कोथरूडचं जुनं आय-थ्री मशीन त्यासाठी कामाला लावलं, रात्री दोनला सुरू होतं, पावणेतीनच्या आसपास संपतं. पण उतरलेला डेटा पूर्ण आहे हे ठरवायचं कशावरून? टेबलं ६४ आहेत का, हे मोजता येतं. मूळ सर्व्हरवरच्या ओळी मोजून ताडता येतात. तरी यातलं सगळं आमच्याच स्क्रिप्टने आमच्याच स्क्रिप्टला विचारलेलं, आणि तिची साक्ष किती खरी असते ते आम्ही ८७ रात्री पाहिलं होतं. मला बाहेरचा साक्षीदार हवा होता.

तो काउंटरवर होता. ताई रोज रात्री सव्वानऊला क्लोजिंग करतात: दिवसाच्या पावत्या किती, एकूण रक्कम किती, रोख किती, यूपीआय किती. निळ्या शाईने, लांबट वहीत. गल्ला मोजून, मशीनचा आकडा बघून नाही. ही पद्धत लॅबमध्ये संगणक येण्याआधीची आहे आणि ती बंद करावी म्हणून मीच एकदा सुचवलं होतं.

आता सकाळी सातला जो निरोप येतो त्यात हिरवी खूण नाही. कोथरूडला उतरलेल्या प्रतीला दोन साधे प्रश्न विचारून आलेले आकडे असतात: 'काल १८४ पावत्या, ९६,३५० रुपये. शेवटचा नमुना क्रमांक अमुक.' ताई वही उघडतात, ताडतात आणि 'जुळलं' असं एका शब्दात कळवतात. हे सगळं मिळून त्यांचं अर्ध्या मिनिटाचं काम. मी त्यांना भीतभीतच विचारलं होतं की रोज जमेल का. "दादा, रोजचा मेळ तर घालतेच मी," त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी अजून एकदा घातला."

निरोप आलाच नाही तर? हिरव्या खुणेच्या जमान्यात याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. न आलेला निरोप कोणाच्या लक्षात येत नाही. आता आमच्या ऑफिसातलं एक वेगळं मशीन सव्वासातला बघतं की आकडे आले का आणि त्यावर 'जुळलं' आलं का. सव्वाआठपर्यंत यातलं एक जरी राहिलं असेल तर मला फोन लागतो. ही बोंब खरंच मारली जाते का, ते बघायला तीन रात्री मुद्दाम बिघाड केले: एकदा पासवर्ड चुकीचा ठेवला, एकदा डंप मध्येच मारला, एकदा कोथरूडची डिस्क फालतू फाइलींनी भरून टाकली. पहिल्या दोन रात्री आकडे आले नाहीत आणि फोन आला. तिसऱ्या रात्री मात्र आकडे आले, तेही आदल्या दिवशीचे, कारण भरलेल्या डिस्कवर नवी प्रत उतरलीच नाही आणि स्क्रिप्टने आदल्या दिवशीच्या प्रतीला प्रश्न विचारले. म्हणून आता प्रश्न विचारून झाले की उतरवलेली प्रत लगेच पुसली जाते. ते तसंही करायलाच हवं होतं. पेशंटचे रिपोर्ट तपासणीच्या मशीनवर दिवसभर उघडे पडून राहणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या काळात बरं नाही, आणि कायदा नसता तरी बरं नव्हतंच.

पाइपफेल, 'डंप कम्प्लीटेड', चेकसम हे सगळं आहे तिथेच ठेवलंय. ते बिघाड लवकर दाखवतात आणि कुठे झाला ते सांगतात. बॅकअप झाला की नाही, हे मात्र मी आता त्यांना विचारत नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी ताईंचं उत्तर आलं: 'नाही जुळत. माझ्याकडे १८१, तुमच्याकडे १८३.' मी चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. आकडा कमी असता तर कारण माहीत होतं, जास्त कसा? दोन पावत्या रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी धायरीच्या सेंटरवरून पडलेल्या, घरी जाऊन घेतलेल्या नमुन्यांच्या. क्लोजिंग सव्वानऊला झालेलं, डंप साडेअकराचा. प्रत बरोबर होती, वहीत दोन पावत्या चढायच्या राहिल्या होत्या आणि त्यांचे १,२०० रुपये धायरीच्या मुलाच्या खिशात दुसऱ्या दिवशीची वाट बघत होते. त्याने ते सकाळी आल्या आल्या जमा केलेही. तेव्हापासून ताई क्लोजिंगच्या वेळचा शेवटचा पावती क्रमांकही वहीत लिहितात आणि स्क्रिप्ट त्या क्रमांकापर्यंतची आणि त्यापुढची बेरीज वेगवेगळी देते.

सॉफ्टवेअरवाल्यांना आम्ही दोनदा लिहिलंय की जोडलेली कागदपत्रं डेटाबेसमधून बाहेर काढून साध्या फाइली म्हणून ठेवा, निदान चढवताना १० एमबीची मर्यादा तरी घाला. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू, असं उत्तर आलं. स्कॅनरचं सेटिंग आम्हीच जाऊन २०० डीपीआय, कृष्णधवल करून आलो. ४१,२०७ वी ओळ आहे तिथेच आहे. ती काढू नका असं मीच सांगितलं. रोज रात्री सगळ्यात अवघड माल तोच असतो.